घरातील पेटी, परक्याची किल्ली

वसईच्या किल्ल्याला लागून, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, पाचूबंदर ही कोळ्यांची जुनी वस्ती आहे. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने हा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला, हे मराठी मुलाला शाळेपासून ठाऊक असते. ते इतक्या बारकाव्यांनिशी ठाऊक आहे, कारण त्या मोहिमेतील पत्रे पुण्याच्या दप्तरात टिकून राहिली आणि पुढे गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत संपादित केले. ज्या घराण्यांची दप्तरे वाळवीने खाल्ली किंवा वाण्याच्या पुड्यांसाठी गेली, त्यांच्या पूर्वजांनी काय केले हे आज त्यांच्या वंशजांनाही सांगता येत नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांची सारी पायपीट अशाच कागदांसाठी होती.

आज घराचे दप्तर कुठे असते? ते भ्रमणध्वनीत असते. लग्नाची छायाचित्रे, आजोबांच्या आवाजातील आठवणी, सातबारा, नौकेच्या नोंदणीची कागदपत्रे, मुलांच्या गुणपत्रिका, सारे काही त्या हातभर पडद्यामागे आणि तिथून परदेशी कंपन्यांच्या संगणकांवर गेलेले असते. गूगलने छायाचित्रांची अमर्याद विनामूल्य साठवण १ जून २०२१ पासून बंद केली. तोवर फुकट म्हणून भरून ठेवलेल्या कोठाराचे भाडे द्यायची वेळ आली, तेव्हा अनेक मध्यमवर्गीय घरांनी दुसरा मार्ग शोधला. घरच्या राऊटरला जोडायची एक छोटी पेटी आणायची, तिच्यात एक किंवा दोन हार्ड डिस्क बसवायच्या आणि घरातील सर्वांनी आपापले साहित्य तीतच ठेवायचे. याला नेटवर्क ड्राइव्ह म्हणतात. दुकानदार तिला नुसते ‘नॅस’ म्हणतो. विचार उत्तम आहे. आपले धान्य आपल्या कणगीत, यापेक्षा अधिक स्वदेशी काय असू शकते?

पण कणगी विकत आणली म्हणून घुशींचा बंदोबस्त होत नाही. दोन-चार महिने सुखाने जातात आणि एके दिवशी पेटी ‘दिसेनाशी’ होते. दिवे लुकलुकत असतात, संगणक मात्र तिला ओळख देत नाही. घरात जो घोळ सुरू होतो तो या पेटीच्या भवितव्याचा निर्णय करतो. कोणी राऊटर बंद-चालू करतो, कोणी मागचे बारीक छिद्र टाचणीने दाबतो, कोणी केबलवाल्याला दूरध्वनी करतो. केबलवाला सांगतो, इंटरनेट चालू आहे ना, मग आमचा प्रश्न नाही. आणि त्याचे म्हणणे खरे असते. ही पेटी घरातल्या घरातील जाळ्यावर असते. बाहेरचे इंटरनेट पूर्ण बंद असले तरी ती चालली पाहिजे. एवढा एक भेद ध्यानात आला तरी अर्धी धावपळ वाचते.

पाचूबंदरात पावसाळ्याच्या बंदीच्या काळात जाळी विणायला, सांधायला काढली जातात. फाटलेले जाळे सांधणारा एका टोकापासून सुरुवात करतो आणि डोळा-डोळा पाहत पुढे सरकतो. मधेच कुठेतरी ओढाताण केली तर भोक वाढते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. तारांच्या जाळ्यालाही हीच रीत लागू आहे. आधी वीज. पेटीबरोबर आलेला अडॅप्टर दमला की दिवा लागतो, पण तबकडी फिरवण्याचा जोर राहत नाही. मग तार. समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो. जोडणी काढून पुन्हा बसवल्यावर पेटी जिवंत झाली, तर दोष तिथेच होता असे समजावे आणि टोक बदलून घ्यावे. तारेत आठ धागे असतात. त्यातील एखादा तुटला तर बहुधा जोडणी सुटत नाही, वेग मात्र दहाव्या हिश्श्यावर येतो आणि घरमालक पेटीला दोष देत राहतो.

त्यानंतर पत्ता. राऊटर घरातील प्रत्येक उपकरणाला एक क्रमांक देतो आणि वीज जाऊन आली की तो क्रमांक बदलू शकतो. संगणक जुन्या पत्त्यावर दार ठोठावत बसतो. राऊटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. तीत पेटीचा आजचा क्रमांक पाहून तो थेट टाकला आणि पेटी उघडली, तर ती निरोगी आहे हे सिद्ध होते. तोच क्रमांक तिच्या नावे कायमचा राखून ठेवणे ही त्याच पानावरील दोन मिनिटांची गोष्ट आहे. आजकाल मात्र एक वेगळाच गुंता घरोघरी आढळतो. कंपनीने बसवलेल्या खोक्यात स्वत:चे वायफाय असते. ते आतल्या खोलीत पोचत नाही म्हणून घरचे लोक दुसरा राऊटर आणतात. मग एका घरात दोन जाळी होतात. पेटी एकावर, संगणक दुसऱ्यावर, आणि दोघांच्या मध्ये भिंत. एकाच छपराखाली दोन चुली झाल्यावर जे होते तेच इथे होते. दुसऱ्या राऊटरला केवळ संदेश पुढे सरकवण्याच्या कामावर नेमले की चूल पुन्हा एक होते. पाहुण्यांसाठीचे वायफाय वापरणाऱ्यालाही पेटी दिसत नाही, आणि ती दिसू नये हीच त्यामागची योजना असते.

येथवर दोष घरचा असतो. याच्या पुढचा दोष दूरवर घेतलेल्या निर्णयांतून येतो, आणि सामान्य माणूस तिथेच हतबुद्ध होतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणक ओलीस धरले. फायलींची देवाणघेवाण करण्याच्या एका जुन्या भाषेतील दोषातून तो शिरला होता. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या नव्या आवृत्तीतून ती जुनी भाषा काढून टाकली. निर्णय योग्यच होता. पण जुन्या पेट्यांना तीच एक भाषा येत होती! नवा संगणक घरात आला आणि पेटी मुकी झाली. २०२४ मध्ये विंडोज ११ च्या आवृत्तीने आणखी कडक पहारा बसवला. परवलीचा शब्द न घेता पाहुणा म्हणून आत जाण्याची सवय असलेल्यांना दार बंद झाले. यावर बाजारातील सोपा सल्ला असा, की जुनी भाषा पुन्हा सुरू करा. तो ऐकू नये. पेटीचे अंतर्गत सॉफ्टवेअर अद्ययावत करावे, प्रत्येकासाठी नाव आणि परवलीचा शब्द करून द्यावा. पेटीच्या निर्मात्याने ती वाऱ्यावर सोडली असेल तर माहिती काढून घेऊन पेटी निवृत्त करावी.

हे कठोर वाटेल. पण २०२१ च्या जूनमध्ये काय झाले ते पाहावे. वेस्टर्न डिजिटल या अमेरिकी कंपनीच्या ‘माय बुक लाइव्ह’ या पेट्या जगभर अनेक घरांत होत्या. २०१५ नंतर कंपनीने त्यांच्याकडे लक्ष देणे थांबवले होते. एका सकाळी लोकांनी पाहिले तर पेट्या रिकाम्या. इंटरनेटवरून कोणीतरी आत शिरून त्यांना कारखान्यातून निघाल्या तशा कोऱ्या केले होते. पेटी घरात होती, कुलूपबंद होती. किल्ली मात्र परक्याच्या हाती होती.

किल्ली परक्याच्या हाती असण्याचा अनुभव मोठमोठ्या उद्योगांनाही चुकलेला नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध घातल्यावर मायक्रोसॉफ्टने गुजरातेतील वाडिनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीच्या सेवा एकाएकी थांबवल्या. भारतात नोंदलेली कंपनी, भारतीय कर्मचारी, मोजून दिलेले पैसे, आणि तरीही कर्मचाऱ्यांना स्वत:ची पत्रे उघडता येईनात. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, दरम्यान तिने रेडिफ या भारतीय कंपनीची टपालसेवा घेतली, आणि काही दिवसांत मायक्रोसॉफ्टची सेवा पूर्ववत झाली. नायराच्या भागधारकांत रशियन कंपनी आहे, हा मुद्दा वेगळा. भारताच्या भूमीवरील व्यवहार भारताचा कायदा न विचारता कोण थांबवू शकतो, हा खरा प्रश्न आहे. १९९१ मध्ये पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने ‘परम’ महासंगणक सिद्ध केला, त्यामागे अमेरिकेने नाकारलेल्या यंत्राचा सल होता. तो सल पुढच्या पिढीने विसरायला नको होता.

अर्थात स्वदेशीचा जयघोष करताना डोळे उघडे ठेवले पाहिजेत. घरातील त्या पेटीतील तबकडी आज भारतात बनत नाही. जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता तीनच उरल्या आहेत, आणि २०११ मध्ये थायलंडात महापूर आला तेव्हा साऱ्या जगात हार्ड डिस्कचा दुष्काळ पडला होता. तेव्हा पेटी घरी आणली म्हणजे स्वावलंबन आले, असे मानणे भाबडेपणाचे आहे. ती कशी चालते हे घरातील निदान दोघांना ठाऊक असणे, ही स्वावलंबनाची खरी पहिली पायरी. बहुतेक पेट्यांच्या आत लिनक्स आणि ‘सांबा’ ही मुक्त सॉफ्टवेअरे असतात. ती कोणालाही वाचता, शिकता येतात. एखादा जुना संगणक घेऊन शाखेतील दोन महाविद्यालयीन तरुणांना अशी पेटी स्वत: उभी करता येते. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९९१ मध्ये स्वदेशी जागरण मंचाच्या रूपाने जो आग्रह उभा केला, त्याला वस्तूंच्या बहिष्काराइतकेच हे शिकणेही अभिप्रेत धरायला हरकत नसावी.

एक धोका मात्र स्वतंत्रपणे सांगितला पाहिजे, कारण तो बाहेरून येत नाही. पेटी बिघडली की उत्साही तरुण आतली तबकडी काढून थेट विंडोजच्या संगणकाला लावतो. तबकडीवरील मांडणी लिनक्सची असते, विंडोजला ती वाचता येत नाही. म्हणून तो विचारतो, ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ आणि बोट ‘होय’वर पडते. इतक्या वर्षांचे दप्तर एका बोटाने पुसले जाते! तिथे ‘नाही’ म्हणावे, संगणक बंद करावा आणि लिनक्सवर उघडून पाहावे. तबकडीतून टकटक आवाज येत असेल तर तेवढेही करू नये; वीज तोडावी आणि माहिती परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे द्यावी. दोन तबकड्या एकमेकींची प्रतिकृती ठेवतात म्हणून आपण सुरक्षित आहोत, हाही भ्रमच. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच पुसली जाते आणि घरात पाणी शिरले तर दोन्ही बुडतात. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, रेल्वेचे रूळ दिसेनासे झाले, ते इथल्या लोकांना आठवत असेलच.

आपल्या पूर्वजांनी हे जाणले होते असे म्हणण्याचा मोह आवरावा, पण एक उदाहरण समोर आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरचे क्षेत्रोपाध्याय शेकडो घराण्यांच्या नामावळ्या सांभाळत आले. गावातील वाडा जळाला, मूळ गाव सुटले, तरी कुळाची नावे दूरच्या क्षेत्री दुसऱ्याच्या वहीत सुरक्षित राहिली. संगणकवाले आज तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत घराबाहेर, असा नियम सांगतात. पाचूबंदरातील घराने एक साधी बाह्य डिस्क घ्यावी, महिन्यातून एकदा पेटीतील सर्व काही तीत उतरवावे, आणि ती विरारच्या बहिणीकडे किंवा पुण्याच्या काकांकडे ठेवावी. दिवाळीला आणि गणपतीला येणे-जाणे होतेच. त्या वेळी डिस्कची अदलाबदल करावी. घरी परतल्यावर तीतील एक-दोन छायाचित्रे प्रत्यक्ष उघडून पाहावीत, आणि पेटीचा पत्ता व परवलीचा शब्द घरच्या वहीत शाईने लिहून ती वही देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवावी.