अपात्र कोण?

मी वकील नाही. मॅट्रिक पास, गोदीत हमाली करतो, रात्री कविता लिहितो. पण घटना काय फक्त काळ्या कोटवाल्यांसाठी लिहिली नाही. ती मी वाचली आणि माझ्या डोक्यानं तिचा अर्थ लावतोय. ज्याला खटकेल त्यानं खोडून दाखवावा.

कलम १०२. खासदारकीला अपात्र कोण? सरकारी लाभाचं पद खाणारा, कोर्टानं वेडा ठरवलेला, दिवाळखोर, परदेशी, आणि संसद कायदा करून ठरवील तो. आमदारांना कलम १९१, यादी तीच. बस्स. यात शाळा नाही, घर नाही, सातबारा नाही. २६ नोव्हेंबर १९४९ ला राजेंद्रप्रसाद घटना समितीत हळहळले, की कायदे करणाऱ्यांना काही पात्रता हवी होती. त्यांची हळहळ ती आमची जीत. कारण या देशात अपात्रता आईच्या पोटातच ठरत होती. घटनेनं ती यादी फाडली.

आणि फाडलेले तुकडे गावात पुन्हा चिकटवले!

पंचायतीपुरती यादी लांबवायची मुभा कलम २४३ च नं राज्याला दिली. महाराष्ट्रानं काय केलं? ग्रामपंचायत कायद्याचं कलम १४ बघा. घरात संडास आहे आणि तो नेहमी वापरता, असा पंचायतीचा दाखला नाही? अपात्र. सरकारी जागेवर अतिक्रमण? अपात्र. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं घरच्यांचं अतिक्रमणही उमेदवाराच्या माथी मारलं.

आता सांगा, गावाचा मैला पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर कुणी वाहिला? आणि गायरानावर झोपडी कोण घालतो, पाटील? १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या मागं भूमिहीन जेलात गेले ते याच जमिनीसाठी. जमीन दिली नाही, वर म्हणतात तू अतिक्रमणवाला. खासदाराला मात्र संडासाचा दाखला कुणी मागत नाही. सरकारी जमीन दाबली म्हणून त्याला अपात्र करणारं कलमही नाही. म्हंजे दिल्लीला जायची वाट रुंद, आणि चावडीची पायरी चढायला कागद!

कुणी म्हणेल, संडास चांगलाच की. चांगलाच. मग बांधून द्या ना! खुर्ची कशाला काढता?

आता उलटी बाजू. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ८. पहिल्या पोटकलमात गुन्ह्यांची यादी आहे. त्यातल्या गुन्ह्यात नुसता दंड झाला तरी सहा वर्षं घरी. १९५५ चा अस्पृश्यतेविरुद्धचा नागरी हक्क कायदा त्यात आहे. बंदी असलेला माल बंदरातून आणणं-नेणंही आहे. पण १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा? नाही! त्याला साधा नियम, दोन वर्षं शिक्षा झाली तर अपात्र. त्या कायद्यात शिक्षा सहा महिन्यांपासून सुरू होते. कोर्टानं वर्षभर दिलं, तर वस्तीवर हात टाकणारा बाहेर येऊन त्याच वस्तीत मत मागायला मोकळा. चोरटा माल आणणारा अपात्र, माणूस ठेचणारा पात्र. वा रे कायदा!

माझा अर्थ सरळ आहे. अपात्रतेचं कलम चिरडणाऱ्याला अडवायला आहे, चिरडलेल्याला नाही. १९८९ चा कायदा कलम ८ च्या पहिल्या यादीत घाला. कलम १४ मधून संडास आणि गायरान काढा. राखीव जागेची भीक नको दोस्तहो, उभं राहायला आमच्या पायाखालची जमीन हवी. ती अतिक्रमण ठरवणारेच खरे अपात्र!