हबशी म्हणजे कोण?

काळ्यासांवळ्या मुलास ‘हबशी’ म्हणून चिडविण्याची वाईट खोड आपल्या नागपुरांतही आढळते. विद्यार्थिमित्रहो, हबशी म्हणजे अबिसीनियाचा, आजच्या इथिओपियाचा, रहिवासी. अशाच एका हबशानें, मलिक अंबरानें, लहानपणीं गुलाम म्हणून विकला जाऊनही पुढें अहमदनगरची निजामशाही सांवरली. जमिनीची मोजणी करून शेतसाऱ्याची घडी बसविली. मराठे सरदारांच्या साह्यानें मोंगलांस थोपविलें. इ. स. १६१० मध्यें त्यानें खडकी, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, वसविलें आणि जमिनीखालून नहर आणून तेथें पाणी खेळविलें. तो १६२६ सालीं वारला. नहरीस मात्र आजही त्याचेंच नांव आहे. ज्या नांवानें असा कर्ता पुरुष ओळखला गेला, तें शिवीसारखें उच्चारणें म्हणजे आपल्याच अज्ञानाचें प्रदर्शन होय. पालकांनीं ही गोष्ट मुलांस घरीं अवश्य सांगावी.