पेटंट म्हणजे उघडे पत्र

आंतर-हाऊस वक्तृत्व स्पर्धेत 'भारतीय शास्त्रज्ञ' हा विषय आला की जगदीशचंद्र बोस येतातच, आणि त्यांच्यावरचे भाषण ठरलेल्या वाक्यावर संपते : मार्कोनीने पेटंट घेतले, बोसांनी घेतले नाही, म्हणून बोस थोर. टाळ्याही तिथेच पडतात. बोस थोर होते यात वादच नाही. वाद आहे तो त्या वाक्याशी.

एक तर ते पूर्ण खरे नाही. बोसांच्या नावावर अमेरिकेचे ७५५८४० क्रमांकाचे पेटंट आहे. गॅलेना या खनिजाचा स्फटिक वापरून विद्युतलहरी ओळखणाऱ्या उपकरणाचे ते पेटंट. अर्ज १९०१ चा, मंजुरी २९ मार्च १९०४ ची. ज्ञानाचे पैसे करू नयेत हे बोसांचे ठाम मत होते. अर्ज झाला तो सारा बुल या त्यांच्या स्नेही बाईंसारख्यांच्या आग्रहामुळे. पण तो झाला म्हणूनच आज अर्धवाहकावरच्या अगदी पहिल्या पेटंटांमध्ये एका भारतीयाचे नाव तारखेसह दाखवता येते.

दुसरे म्हणजे, पेटंट घेणे हा लोभ आणि न घेणे हा त्याग, असे ते वाक्य आपल्या मनावर ठसवते. माझे मत वेगळे आहे. पेटंटमधला पैसा ही नंतरची गोष्ट. पहिली गोष्ट आहे ती लिहून ठेवण्याची.

मराठीत पेटंटला 'एकस्व' असा शब्द आहे. एकाचे स्व, म्हणजे एकाची मालकी. शब्द चांगला आहे, पण तो अर्धीच हकिगत सांगतो. 'पेटंट' या शब्दाचा मूळ अर्थ 'उघडे'. राजाची मोहोर लावलेले आणि कोणीही वाचावे असे उघडे पत्र. कायदा शोधकाशी सौदा करतो : तुझी युक्ती आकृतीसह अशी लिहून दे, की त्या कामातल्या जाणकाराला ती वाचून वस्तू बनवता आली पाहिजे. बदल्यात वीस वर्षे तुझ्या परवानगीशिवाय दुसरा कोणी ती बनवणार नाही, विकणार नाही. मुदत संपली की ती सगळ्यांची. मालकी ठरावीक काळाची, लिखाण मात्र कायमचे.

भारतात असा पहिला कायदा १८५६ मध्ये आला. त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या इंजिनिअरचा होता, आणि तो होता छताचा पंखा ओढणाऱ्या यंत्रासाठी. दिवसभर दोरी ओढत बसणाऱ्या पंखेवाल्याच्या जागी यंत्र! पुढे वीज आली आणि तो पंखाच गेला. पण त्या साली एका माणसाच्या डोक्यात काय आले होते, हे आपण आजही सांगू शकतो.

आता मुंबईतली दोन नावे घेतो. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवले, असे आपण सर्वांनी ऐकले आहे. ऐकताना छाती फुगते. पण त्या विमानाचे मापांसह रेखाटन, इंजिनाचे वर्णन, त्या दिवशीची नोंद यांतले काहीच आज कोणी पुढे ठेवू शकत नाही. त्याच काळातले दुसरे मुंबईकर म्हणजे शंकर आबाजी भिसे. जन्म १८६७ चा. वाण्याच्या दुकानात माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची त्यांची कल्पना लंडनच्या एका स्पर्धेत पहिली आली. ते लंडनला गेले, तिथे दादाभाई नौरोजींनी त्यांना मदत केली. छपाईचे खिळे झपाट्याने ओतणारे 'भिसोटाइप' यंत्र त्यांनी बनवले. त्यांच्या नावावर चाळीसच्या आसपास पेटंट सांगितली जातात. मोठी श्रीमंती काही त्यांच्या वाट्याला आली नाही. १९३५ मध्ये ते न्यूयॉर्कला वारले. तळपद्यांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे आणि भिसे कोण हे आमच्या वर्गात कोणालाच माहीत नव्हते. तरीही उद्या कोणी शंका घेतली, तर भिशांचे कागद बोलतील. तळपद्यांच्या बाजूने बोलायला कागद नाहीत. ते खोटे बोलत होते, असे मी म्हणत नाही. ते उडले की नाही हे आता ठरवताच येत नाही, हेच मोठे नुकसान आहे.

राईट बंधूंनी नेमके उलटे केले. त्यांचे इंजिनाचे विमान १७ डिसेंबर १९०३ ला उडाले. पेटंटचा अर्ज त्यांनी त्याआधीच, मार्च १९०३ मध्ये केला होता. त्यात इंजिन नाहीच. हवेत यंत्र एका बाजूला कलंडले तर पंखांना पीळ देऊन ते सावरायचे कसे, एवढेच त्यात लिहिले आहे. विमानविद्येतली खरी अडचण तीच होती. म्हणजे आधी लिहिले, मग उडाले.

इथे माझे मित्र मला अडवतील, आणि ते बरोबर असतील. हेच पेटंट हातात आल्यावर राईट बंधूंनी इतर विमान बनवणाऱ्यांवर खटल्यांवर खटले भरले. अमेरिका १९१७ मध्ये महायुद्धात उतरली तेव्हा विमानाचा शोध लावणाऱ्या त्या देशाच्या वैमानिकांना लढायला फ्रेंच विमाने घ्यावी लागली. त्याचे एक कारण ही भांडणे मानली जातात. शेवटी सरकारच्या दबावाखाली कंपन्यांनी आपली पेटंट एकत्र केली, तेव्हा वाट मोकळी झाली. पेटंटचा असाही वापर होतो, हे लष्करी शाळेतल्या मुलांनी विसरू नये.

पण हत्यार कोणाच्या हातात आहे यावर बरेच अवलंबून असते. टोरांटोमध्ये बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी इन्सुलिनचे पेटंट विद्यापीठाला दिले ते प्रत्येकी एका डॉलरला. पेटंट घेतलेच नसते, तर दुसऱ्या कोणी ते घेऊन रुग्णांना लुबाडले असते. सर्वांसाठी दार उघडे ठेवायचे म्हणून त्यांनी आधी किल्ली आपल्या हातात घेतली.

आपल्या हळदीचेही तसेच झाले. जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले. प्रत्येक आजीला ठाऊक असलेली गोष्ट! पण आजीला ठाऊक आहे, एवढे पेटंट कचेरीला पुरत नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक छापील वैद्यकीय लेख पुढे ठेवला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. लढाई जिंकली ती लिहिलेल्या कागदाने.

आणखी एक नाव आमच्या पेशाशी जवळचे. ११ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेत एक पेटंट मंजूर झाले. पाणतीराला रेडिओने दिशा देताना लहरींची वारंवारता सारखी बदलत ठेवायची, म्हणजे शत्रूला संदेश अडवता येत नाही. शोधक दोघे : सिनेनटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथेल. त्यांनी पियानोच्या ८८ पट्ट्यांप्रमाणे ८८ वारंवारता सुचवल्या. युद्धात नौदलाने ही युक्ती वापरली नाही, आणि त्यांना त्यातून पैसाही मिळाला नाही. पण वारंवारता बदलत राहण्याचे हेच तत्त्व आज ब्लूटूथमध्ये आहे. कागदावर नावे होती म्हणून कित्येक वर्षांनी का होईना, मान त्यांच्याकडे गेला. नाहीतर नटीने पाणतिराचा विचार केला होता, यावर कोणी विश्वास ठेवला असता?

कोणी म्हणेल, लष्करातल्या गोष्टी गुप्त हव्यात. खरे आहे. म्हणूनच संरक्षणाशी संबंधित शोध प्रसिद्ध न करण्याचा आदेश देण्याची तरतूद आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात आहे. गुप्त ठेवायचे म्हणजे कुलूप लावायचे. न लिहिणे आणि कुलूप लावणे यांत फरक आहे.

हे सगळे मी लिहितो आहे ते आपल्याच शाळेसाठी. दोन वर्षांपूर्वीच्या बॅचने हाऊसच्या पाण्याच्या टाकीसाठी गजर बनवला होता. टाकी भरली की बझर वाजायचा. बॅच पासआऊट झाली, गजर बंद पडला आणि सर्किट कोणालाच माहीत नव्हते. यंदा नववीच्या मुलांनी पहिल्यापासून सुरुवात केली. पाण्यात तांब्याच्या तारा सोडल्या. तीन महिन्यांत तारांवर हिरवा थर चढला आणि गजर मुका झाला. मग एका सिनिअरला फोन केला. ते म्हणाले, "अरे, आमचंही असंच झालं होतं. म्हणून तर आम्ही स्टीलचे स्क्रू लावले." उत्तर सापडलेले होते, ते फक्त कुठे लिहिलेले नव्हते.

दुसरी गोष्ट नावाची. विज्ञान प्रदर्शनात मॉडेलवर हाऊसचे नाव असते आणि पाहुण्यांसमोर बोलतो सिनिअर. मूळ युक्ती सातवीतल्या मुलाची असली तरी ती कुठे दिसत नाही. शिस्तीत क्रम असतो, तो मला मान्य आहे. पण पेटंटच्या अर्जात 'खरा आणि पहिला शोधक' विचारतात. मालकी कंपनीकडे जाऊ शकते, शोधक म्हणून नाव मात्र त्या माणसाचेच लागते. मग तो कोणत्याही हुद्द्याचा असो.

म्हणून माझी सूचना अशी आहे. सायन्स क्लबमध्ये एक शोधवही असावी. प्रत्येक मॉडेलची आकृती, मापे, काय चालले आणि काय चालले नाही, तारीख, आणि युक्ती ज्याची त्याचे नाव, मग तो सहावीतला असला तरी. भाषा ज्याला जी येते ती चालेल; आम्ही मोजकी मराठी मुले मराठीत लिहू, शेजारचा समजावून घेईल. वही कपाटात न ठेवता ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवावी, कोणालाही उघडता येईल अशी.

जाड बांधणीची वही शाळेच्या कॅन्टीनमध्ये मिळते. पहिल्या पानावर टाकीच्या गजराचे सर्किट काढायला नववीची मुले तयार आहेत. स्टीलच्या स्क्रूंसमोर नाव कोणाचे लिहायचे, तेवढे त्या सिनिअरना विचारून घ्यायचे आहे.