माय-लेकरांचे आरोग्य : औषध हाताशी असून डॉक्टर थांबले का?

वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका वाडीवरून एका आजींचे पत्र आले आहे. ऐन भातलावणीत त्यांच्या सुनेला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. गाडी करून तिला पुण्याला नेले. तिथे गेल्यागेल्या सुनेला इंजेक्शने दिली, दोन दिवसांनी बाळ झाले. वजन किलोभरही नव्हते. काचेच्या पेटीत, नळ्या लावून ठेवले. पुढे डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसाला सूज आहे. औषध आहे, पण अजून दोन दिवस वाट पाहू." आजी विचारतात, "लेकरू धापा टाकतंय, औषध हाताशी आहे, मग थांबायचं कशाला? गरिबाचं म्हणून तर नव्हे?"

आजी, नातू सुखरूप घरी आला हे वाचून आनंद झाला. तुमचा प्रश्न रास्त आहे. तसेच पुष्कळांच्या मनात येत असेल, म्हणून आजची जागा त्यालाच देतो.

दिवस पुरे भरायला साधारण 40 आठवडे लागतात. 37 च्या आत झालेले बाळ अपुऱ्या दिवसांचे, आणि 28 च्या आत झालेले फारच अपुऱ्या दिवसांचे. अशा बाळाचे फुप्फुस कोवळ्या पालवीसारखे असते. जगवायला प्राणवायू आणि श्वासाचे मशीन लागते; पण त्याच जोराने, शिवाय जंतूंमुळे, आत सूज येते. सूज टिकली की फुप्फुस राठ होते आणि बाळाला महिनोन् महिने प्राणवायू लागतो.

मग सूज उतरवणारे औषध का देऊ नये? याची गोष्ट मेंढरांपासून सुरू होते. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे डॉक्टर लिगिन्स मेंढ्यांवर अभ्यास करत होते. पोटातल्या कोकराला स्टिरॉइड जातीचे औषध मिळाले, तर ते वेळेआधी जन्मूनही श्वास घेते, हे त्यांच्या ध्यानात आले. मग डॉक्टर हॉवी यांच्यासह त्यांनी मातांवर चाचणी केली आणि 1972 साली निष्कर्ष छापला : बाळ पोटात असतानाच आईला इंजेक्शन दिले, तर बाळाचे फुप्फुस लवकर तयार होते. तुमच्या सुनेला दिलेली इंजेक्शने याच घराण्यातली.

आता दुसरी बाजू ऐका. जन्मल्यानंतर बाळालाच डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिले, तर ते मशीनवरून लवकर सुटते, असे दिसून आले. त्यामुळे 1990 च्या दशकात ते अनेक देशांत भरपूर वापरले गेले. डॉक्टर खूश, आईबाप खूश. पण ती मुले दोन-तीन वर्षांची झाली, तेव्हा त्यांच्यातल्या जास्त मुलांचे हातपाय ताठर असल्याचे, मेंदूला इजा झाल्याचे आढळले. 2002 साली अमेरिका आणि कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी हे औषध सरसकट देऊ नका, असे बजावले. आज गुण आला म्हणजे औषध निर्धोक ठरले, असे नव्हे. जास्त युरिया टाकला की पीक चार दिवस हिरवेगार दिसते, पण पुढे लोळते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

असाच धडा आपल्या भागातही मिळाला. आईला द्यायचे इंजेक्शन गावोगावी पोचवले तर? हे पाहण्यासाठी सहा देशांत मोठी चाचणी झाली. त्यात आपल्याकडचा नागपूर आणि बेळगावचा भागही होता. सुमारे एक लाख बाळंतपणांची नोंद झाली. 2015 साली निकाल छापला गेला, तेव्हा सगळे चपापले. सर्व ठिकाणचे आकडे एकत्र केले, तर फार लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नव्हते. उलट जिथे ही मोहीम राबवली तिथे हजारी 27 बाळे पहिल्या महिन्यात दगावली, जिथे नव्हती तिथे 24. इंजेक्शन घेतलेल्या कित्येक मातांचे पुढे दिवस पुरे भरले; त्यांच्या बाळांना त्याची गरजच नव्हती. मातांना जंतुसंसर्ग झाल्याचा संशयही अधिक ठिकाणी आला.

मग औषध वाईट का? नाही. 2020 साली भारतासह पाच देशांतल्या 29 रुग्णालयांतली चाचणी जाहीर झाली. तिथे सोनोग्राफीने आठवडे नक्की केले होते आणि बाळाला सांभाळायची सोय होती. ज्यांच्या आईला औषध दिले, त्या बाळांत शंभरी सुमारे 20 दगावली. न दिलेल्यांत 23 ते 24. फायदा इतका स्पष्ट दिसला, की चाचणी मुदतीआधीच थांबवली. औषध तेच, पण योग्य आठवडा आणि योग्य जागा पाहिजे.

जन्मलेल्या बाळाची सूज उतरवण्याचा शोधही चालूच आहे. फ्रान्समध्ये हायड्रोकॉर्टिसोन अगदी थोड्या मात्रेत देऊन पाहिले. 2016 च्या निकालात, फुप्फुस राठ न होता वाचलेली बाळे शंभरी 51 वरून 60 वर गेली, आणि दोन वर्षांनी मुलांच्या वाढीत उणे आढळले नाही. पण 24-25 आठवड्यांच्या बाळांत रक्तात जंतू होण्याचे प्रमाण वाढले. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला संधिवातावरचे ॲनाकिन्रा हे औषध अशा बाळांसाठी तपासायला घेतले. तिथे पहिल्या टप्प्यातला मुख्य प्रश्न "गुण येतो का?" हा नाही, "अपाय तर होत नाही ना?" हा आहे.

म्हणून आजी, तुमचे डॉक्टर थांबले ते गरिबी पाहून नव्हे. औषधाचा धोका मोठा की मशीनवर राहण्याचा, हे ते तोलत असणार. श्रीमंताच्या बाळालाही हाच ताजवा लागतो.

उद्या कुणा घरापुढे अशा चाचणीचा कागद आला, तर घाबरून नकार देऊ नका आणि न वाचता सहीही करू नका. विचारा : आमच्या बाळाला काय देणार? न घेतल्यास नेहमीचे उपचार मिळतील ना? रुग्णालयाच्या नीती समितीची परवानगी आहे का? मूल मोठे होईपर्यंत तपासणार का? अपाय झाल्यास उपचार कोण करणार? आपल्या देशातल्या 2019 च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली, तर उपचार फुकट मिळायला हवेत. नको वाटले तर मधूनच बाहेर पडता येते. त्यासाठी बाळाचे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत.

आणि घरी काय करायचे? पाळीची शेवटची तारीख लिहून ठेवा, पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी करून घ्या. आठवडे चुकले तर औषधही चुकते. नववा महिना लागण्याआधी कळा आल्या, पाणी गेले किंवा अंगावर लाल गेले, तर लावणी उरकायची वाट पाहू नका. 108 ला फोन करा आणि आशाताईंना कळवा. भोर-वेल्ह्याच्या घाटवाटांनी पावसाळ्यात वेळ लागतोच. "सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही" ही जुनी समजूत सोडा. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच. घरी आणलेले बाळ आईने उघड्या छातीशी धरावे, अंगावरचे दूध द्यावे.

आजी, नातवाला सांगितलेल्या तारखेला तपासायला नेत राहा. तो मान धरतो का, बसतो का, पाऊल टाकतो का, यावर नजर ठेवा आणि उशीर वाटला तर डॉक्टरांना सांगा. पेटीतून बाहेर आला म्हणजे सारे संपले, असे नाही. पुढची दोन वर्षेही तेवढीच मोलाची आहेत.