लगद्याचा कागद आणि सोवळे वाचक

जुन्या अमेरिकन 'पल्प' मासिकांचा संग्रह करणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग होय, असे समजणारा एक वर्ग आपल्या सुशिक्षितांत आहे. या मासिकांची मुखपृष्ठे जपावीत, आतले मात्र काही वाचू नये, असे मानणारा दुसरा वर्ग अलीकडे खुद्द संग्राहकांतच निपजला आहे. पहिल्याशी आमचे भांडण जुने आहे. दुसऱ्याशी ते नवे व अधिक कडवट आहे.

फ्रँक मन्सी या प्रकाशकाने १८९६ साली आपले 'आर्गसी' मासिक सर्वस्वी कथावाङ्मयास वाहिले आणि ते लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त, खरबरीत कागदावर छापावयास आरंभ केला. सुमारे सात इंच रुंद, दहा इंच उंच, सव्वाशेच्या आसपास पृष्ठे, किंमत दहा ते पंचवीस सेंट. या बेताची शेकडो मासिके पुढील साठ वर्षांत निघाली. आतला कागद रद्दीच्या योग्यतेचा, मुखपृष्ठ मात्र गुळगुळीत व भडक रंगांचे. स्टॉलवर टांगलेल्या गर्दीतून गिऱ्हाइकाचा हात आपल्याच अंकाकडे वळावा, एवढाच त्यातील हेतू. पुष्कळदा चित्र आधी तयार होई आणि त्यास जुळणारी कथा मागाहून लिहवून घेतली जाई. हे ऐकताच आमचे साहित्यप्रेमी स्नेही कानांवर हात ठेवतात. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरील सुंदरीचा आतील कोणत्या लेखाशी संबंध असतो, हे त्यांनी एकदा आम्हांस सांगावे.

'ब्लॅक मास्क' हे मासिक १९२० साली मेंकेन व नेथन या दोघा चोखंदळ संपादकांनी काढले, ते आपल्या 'स्मार्ट सेट' या उच्चभ्रू मासिकाची तूट भरून काढण्यासाठी. त्याच पोटार्थी मासिकात पुढे डॅशिएल हॅमेटची 'द माल्टीज फाल्कन' सप्टेंबर १९२९ ते जानेवारी १९३० या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. ऑगस्ट १९२८ च्या 'वीअर्ड टेल्स'मध्ये सतरा वर्षांच्या टेनेसी विल्यम्सची कथा छापली गेली. पण थोरांची नावे पुढे करून या मासिकांस माफी मिळवून देणे आम्हांस नामंजूर आहे. त्यांतील बहुतेक मजकूर शब्दामागे सेंट-दोन सेंट घेऊन घाईने लिहिलेला आहे, आणि तो वाचावयाचा तो त्या घाईसकट. सामान्य पगारदार माणूस दिवसभराच्या कामानंतर कशास भीत होता व कशावर भाळत होता, हे त्या घाईत जसे उघडे पडते तसे अभिजात कादंबरीत सहसा पडत नाही.

मुखपृष्ठांविषयी मात्र आम्ही थोडे रेंगाळणार. एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅकच्या 'अमेझिंग स्टोरीज'चा पहिला अंक निघाला. त्यावर फ्रँक पॉल या चित्रकाराने बर्फावर घसरत खेळणारी माणसे आणि त्यांच्यामागे अवाढव्य शनी दाखविला आहे. पॉलचे शिक्षण वास्तुकलेचे. त्यामुळे त्याची यंत्रे व नगरे डौलात उभी राहतात आणि माणसे लाकडी बाहुल्यांसारखी दिसतात. 'वीअर्ड टेल्स'ची मुखपृष्ठे १९३२ पासून मार्गारेट ब्रंडेजने रंगविली, तीही पेस्टलच्या खडूंनी, ज्यांचा रंग बोट लागताच पुसला जातो. सही करताना ती आपल्या नावाचे नुसते आद्याक्षर व पुढे आडनाव लिही. त्या विवस्त्र नायिका एका स्त्रीने काढल्या आहेत, ही गोष्ट कित्येक वाचकांना फार उशिरा कळली.

या चित्रांत वर्णद्वेष आहे, हेही खरेच. कपटी चिनी, फेटेवाला क्रूर हिंदी आणि दोघांच्या तावडीत सापडलेली गोरी युवती, हे त्रिकूट वारंवार भेटते. 'वीअर्ड टेल्स'च्या मालकांनी १९३० मध्ये 'ओरिएंटल स्टोरीज' नावाचे स्वतंत्र मासिकच काढले. पौर्वात्य साहसकथांनी नाव मिळविलेला टॅल्बट मंडी १८९९ साली दुष्काळनिवारणाच्या कामासाठी बडोदे संस्थानात आला होता. म्हणजे ज्या हिंदुस्थानची त्याने पुढे गूढरम्य विक्री केली, तो त्याने भुकेच्या दिवसांत पाहिला होता! असली चित्रे झाकून टाका, असे म्हणणाऱ्यांना आमचा सवाल आहे: आपल्याविषयी परक्या बाजारात काय विकले जात होते, याचा पुरावा आपणच का नष्ट करावा?

आता त्या दुसऱ्या वर्गाकडे वळू. अंकाच्या स्थितीस गुण देऊन तो पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचा बंद करण्याची रीत हल्ली रूढ होऊ लागली आहे. पेटी उघडली की गुण गेला, आणि गुणाबरोबर किंमतही गेली! आत सव्वाशे पाने निमूटपणे पिवळी पडत असतात. लाकडातील लिग्निन आणि कागदात मुरलेले आम्ल ती आतून पोखरतात. पान दुमडताच तुटते, आणि पेटी हा क्रम थांबवू शकत नाही. दुसऱ्या महायुद्धात असंख्य अंक कागदटंचाईपायी पुन्हा लगद्यात गेले, मूळ चित्रांपैकी कित्येक प्रकाशकांनीच फेकून दिली. त्यांतून वाचलेला अंक न वाचता मरू देणे, यास संग्रह म्हणावे की दफन?

हे सारे अमेरिकेचे झाले. परगावी राहणाऱ्या मराठी माणसाने त्याची चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. आमच्या बदल्यांच्या गावी जी मराठी मंडळे आहेत, त्यांच्या ग्रंथालयांची कपाटे पाहावीत. बाबूराव अर्णाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार व काळापहाड यांच्यावर एक सबंध पिढी वाचावयास शिकली. त्यांतील अनेक पुस्तकांना रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठे होती. आम्ही पाहिलेल्या एका ग्रंथालयात बांधणी करताना ती मुखपृष्ठे काढून टाकलेली होती आणि उरलेली पुस्तके 'जीर्ण' या शेऱ्यानिशी रद्दीत निघाली होती. सरकारी कचेरीतील क्षुल्लक नस्तीसुद्धा वर्गवारी ठरवून व अधिकाऱ्याची सही घेऊन मगच नष्ट करावी लागते. येथे तेवढाही सोपस्कार नाही.

अमेरिकेतील छांदिष्टांनी निदान हजारो अंक जाहिरातींसकट व मुखपृष्ठांसकट स्कॅन करून इंटरनेट आर्काइव्हवर सर्वांस खुले केले आहेत. आमचे ग्रंथपाल प्रताधिकाराकडे बोट दाखवितात. अर्णाळकर १९९६ साली निवर्तले. लेखकाच्या पश्चात साठ वर्षे तो अधिकार टिकतो, हे आम्ही जाणतो. परंतु २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमात एक तरतूद आली आहे. नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयास, आपल्याजवळ आधीपासून असलेल्या छापील प्रतीचे जतनासाठी इलेक्ट्रॉनिक संग्रहण करण्याची तिने मुभा दिली आहे. मंडळांच्या चिटणीसांनी ते कलम काढून वाचावे, आणि तोवर दाराशी आलेल्या रद्दीवाल्यास परत पाठवावे.