म्हाताऱ्या बैलाची किंमत कोण चुकविणार?

मार्च 2015 मध्ये महाराष्ट्रात संपूर्ण गोवंश हत्याबंदी लागू झाली. गाईच्या कत्तलीस 1976 च्या कायद्याने मनाई होतीच. युती सरकारने 1995 मध्ये मंजूर केलेली दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर अमलात आली आणि बैल व वळूही बंदीखाली आले. परराज्यात कत्तल झालेल्या गोवंशाचे मांस बाळगणेही गुन्हा ठरविण्यात आले. हे कलम मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2016 रोजी रद्द केले. नागरिकाच्या ताटात डोकावण्याचा शासनाला अधिकार नाही, हा या निर्णयाचा आशय स्वागतार्हच होता.

परंतु त्यातून उरलेली आर्थिक विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. बाहेरचे मांस राज्यात येऊ शकते. येथील शेतकऱ्याचा बैल मात्र कत्तलीसाठी राज्यात विकता येत नाही आणि राज्याबाहेरही नेता येत नाही. खाणाऱ्याचा पैसा बाहेर जातो. त्याबरोबर कसायाचे, हमालाचे, चामडे कमावणाऱ्याचे कामही जाते.

सर्वांत मोठा घाव कोरडवाहू शेतकऱ्यावर आहे. थकलेला बैल ही त्याची बचत. तो विकून आलेल्या पैशांत भर घालूनच नवी जोडी दावणीला येते. गिऱ्हाईक नाहीसे झाले की किंमत बुडते, वैरणीचा खर्च मात्र चालूच राहतो. ट्रॅक्टरवाल्या बागायतदाराला याची झळ लागत नाही.

पशुगणनेनुसार 2012 ते 2019 या काळात महाराष्ट्रातील गोवंश सुमारे 10 टक्क्यांनी घटला. सरसकट बंदी नसलेल्या पश्चिम बंगालमध्ये तो सुमारे 15 टक्क्यांनी वाढला. महाराष्ट्रातील घटीला दुष्काळ व यांत्रिकीकरण हीही कारणे आहेत. तरीही कायद्याने गोवंश वाचला, हा दावा या आकड्यांपुढे टिकत नाही.

कायद्यामागोमाग झुंडी आल्या. एप्रिल 2017 मध्ये जयपूरच्या बाजारात गाई विकत घेऊन हरियाणाला परतणाऱ्या पेहलू खान या दूधउत्पादकाला अलवर जिल्ह्यात जमावाने मारहाण केली. त्यात त्याचा बळी गेला. रस्ताच असुरक्षित झाल्यावर बाजार कसा भरणार? 2025 च्या जुलै-ऑगस्टमध्ये अशाच छळाच्या निषेधार्थ महाराष्ट्रातील कुरेशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदी थांबविली, तेव्हा शेतकऱ्यांची जनावरे बाजारात पडून राहिली. ज्यांना एकमेकांचे शत्रू म्हणून उभे केले जाते, त्यांचे पोट एकाच व्यवहारावर चालते, हे त्या दिवसांत स्पष्ट झाले.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे: बैलांवरील बंदी उठवा, वाहतुकीला संरक्षण द्या, तोवर प्रत्येक भाकड जनावर शासनाने बाजारभावाने विकत घ्यावे. श्रद्धेचा खर्च गरिबाच्या दावणीवर टाकण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही. शेतकरी, शेतमजूर, चर्मकार आणि कुरेशी यांची एकजूटच ही मागणी पुढे नेऊ शकेल.