हलाल नफ्याचे गणित

आमच्या स्टाफरूममध्ये अधूनमधून कोणीतरी 'हलाल नफा' घेऊन येतो. येणारा परका नसतो. कुणाचा साडू, कुणाचा जुना विद्यार्थी. सलाम-दुआ होते, अम्मीची तब्येत विचारली जाते आणि मग हळूच निघते, "सर, लाखाला महिना 3 हजार. सूद नाही, नफा. आपल्याच माणसांसाठी आहे, थोड्याच जागा उरल्यात." आम्ही बी.एड. झालेली माणसे, पण 'सूद नाही' एवढे ऐकले की हिशेब विसरतो.

तो मांडू या. महिना 3 टक्के म्हणजे वर्षाला 36. नफा पुन्हा त्यातच टाकला तर 2 वर्षांत रक्कम दुप्पट. असा कोणता धंदा आहे, हे आम्ही विचारत नाही. शरीअतही विचारत नाही. मुजारबतमध्ये नफ्याचा हिस्सा ठरतो, ठराविक रक्कम नव्हे. आणि तोटा झाला तर तो भांडवल देणाऱ्याचा. 'रक्कम ठरलेली, तोटा कधीच नाही' असे म्हणणारा मग हलालच्या नावाने काय विकतो?

"पण 6 महिने पैसे वेळेवर आले!" येणारच. मागून येणाऱ्याचे पैसे पुढच्याला द्यायचे, हा चार्ल्स पाँझीचा 1920 सालचा बोस्टनमधला खेळ आहे. पहिला हप्ता हा नफा नसतो, गळाला लावलेले आमिष असते. बंगळुरूच्या आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरीत हजारो ठेवीदार अडकले, बहुतेक आपलेच. मुलीच्या लग्नाचे, हजचे, निवृत्तीचे पैसे. जून 2019 मध्ये मालक मन्सूर खान दुबईला निघून गेला. जुलैत दिल्लीत उतरताच पकडला गेला.

पैसे बुडाले तरी अफवा बुडत नाहीत. अशा प्रत्येक योजनेनंतर मोहल्ल्यात तीच वाक्ये फिरतात: "धंदा चांगला होता, दुश्मनांनी बुडवला", "साहेब पै-पै परत करणार". याचे कारण आम्हाला ठाऊक आहे. ज्याने स्वतःबरोबर मेहुण्यालाही त्यात ओढले, त्याला 'मी फसलो' म्हणणे जड जाते. अफवा त्याची शरम झाकते, आणि त्याच चादरीखाली पुढचा एजंट येऊन बसतो.

सूद टाळण्याची तळमळ खरी आहे, आणि आमच्या वस्तीकडे बँका पाठ फिरवतात हेही खरे. म्हणूनच तर हा विक्रेता आमच्याच दाराशी येतो! आमच्या दुखण्याचीच त्याने बाजारपेठ केली आहे.

तेव्हा मौलाना साहेबांना, मशीद कमिटीला आणि आम्हा शिक्षकांना आमचे सांगणे एकच: दाढी, टोपी, सलाम यांना जामीन समजू नका. धंदा कोणता, हिशेब कोण तपासतो, ठेवी घेण्याची परवानगी कुठे आहे, तोटा झाल्यास काय, हे 4 प्रश्न लेखी विचारा. आमच्या सातवीच्या मुलांना टक्केवारी येते. त्यांच्या अब्बांनी सही करण्याआधी एकदा त्यांना तरी विचारावे.